वगळलेल्या एकतीस ओळी

मास्तर उभ्यानं टाईप करायचे. टेबलावर एक लाकडी खोकं, खोक्यावर कीबोर्ड, आणि पुढं मास्तर, प्रार्थनेला उभ्या असलेल्या पोरासारखे ताठ. एक ओळ संपली की त्यांचा डावा हात आपोआप वर उठायचा आणि हवेत काहीतरी उजवीकडं ढकलायचा. पहिल्या दिवशी मला वाटलं, माशी हाकलतायत. मग लक्षात आलं, ही टाईपरायटरची सवय. तिथं ओळ संपली की कागद धरणारी कॅरेज हातानं ढकलून पुढची ओळ धरावी लागते. तीस वर्षं ढकललेली कॅरेज हाताला विसरता येत नव्हती.

लातूरला गंजगोलाईच्या मागच्या एका गल्लीत, डाळ मिलच्या गोदामाच्या वरच्या मजल्यावर त्यांची टायपिंग इन्स्टिट्यूट होती. नोकरीसाठी टायपिंगची परीक्षा देणारी कितीतरी माणसं त्या लोखंडी जिन्यावरून वर गेली आणि पास होऊन खाली उतरली. मग टाईपरायटरचे दिवस संपले. गल्लीतल्या बाकीच्यांनी मशिनी भंगारात घातल्या. मास्तरांनी घातल्या नाहीत. आठ मशिनी भिंतीला लावल्या, त्यांच्यावर फुलाफुलांच्या चादरी टाकल्या आणि मधल्या मोकळ्या जागेत चार कॉम्प्युटर मांडले. खाली तुरीची डाळ भरडली जायची, त्याचा बारीक पिवळा भुगा कीबोर्डवर येऊन बसायचा. मास्तर रोज सकाळी दाढीच्या ब्रशनं तो झाडायचे.

त्या कॉम्प्युटरांवर ते पायथन, म्हणजे प्रोग्राम लिहायची एक भाषा, शिकवायचे. साठीला आलेला, दहावी शिकलेला, टायपिंगचं सर्टिफिकेट एवढीच पदवी असलेला माणूस हे कुठून शिकला, असं सगळेच विचारायचे. ते खुशीनं सांगायचे. एकदा इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं प्रोजेक्टचा रिपोर्ट टाईप करायला आणून दिला. रिपोर्टच्या शेवटी दहा-बारा पानं प्रोग्राम होता. ती जाताना म्हणाली, "मास्तर, डावीकडच्या मोकळ्या जागा जशाच्या तशा ठेवा हं. एक जागा जरी हलली तरी प्रोग्राम चालत नाही."

मास्तर सांगायचे, "मी हातातला चहा खाली ठेवला. म्हणलं, काय बोलून राहिली ही? जिंदगीभर पोरांच्या मागं लागलो, समास नीट ठेवा, समास नीट ठेवा. कुणी ऐकलं न्हाई. आणि ही भाषा अशी, की समास चुकला तर कामच करत न्हाई! म्हणलं, ही आपली भाषा हाय. ही शिकायची."

आणि शिकले. पहिलं वर्ष निव्वळ चुका करण्यात गेलं, हेही तेच सांगायचे.

मी हदगावची. डॉक्टर व्हायला लातूरला आले होते. तेव्हा क्लासेसचा जोर असा होता की आमच्याकडं दहावीला बरे मार्क पडले की पोराची ट्रंक भरायची, हे ठरलेलंच. बाभळगाव असो की मुखेड, लातूरच्या बसस्टँडवर उतरलं की रिक्षावाला न विचारता क्लासच्या दारात नेऊन सोडायचा. मी एकदा परीक्षा दिली, जमलं नाही. दुसऱ्यांदा रिपीटर बॅचला बसले, तेव्हाही नाही. घरी जायचं धाडस होईना. ज्या क्लासमध्ये शिकले तिथल्याच कॉम्प्युटर खोलीत मी नोकरी धरली. हजेरी, निकाल, पालकांना मेसेज, असलं काम.

क्लासचे संचालक हुशार होते. एक दिवस म्हणाले, "वेबसाईट, फॉर्म, निकाल, सगळं आपलं आपण करायचं. त्या टायपिंगवाल्या मास्तरांकडं जाऊन शीक. माणूस थोडा चक्रम आहे, पण शिकवतात चांगलं."

मी जिना चढून गेले आणि पहिलंच वाक्य चुकीचं बोलले. "मास्तर, हे पटकन किती दिवसांत येईल?"

"पटकन पाहिजे तर खाली भज्यांचा गाडा हाय," मास्तर म्हणाले. "ते पटकन मिळतात." मग माझ्या चेहऱ्याकडं बघून त्यांनी खुर्ची ओढली. "बस, बेटा. कुठल्या गावची?"

पहिले तीन दिवस त्यांनी मला एक ओळही लिहू दिली नाही. क्लासच्या हजेरीची फाईल उघडायची आणि मोठ्यानं वाचायची. पहिल्या वीस ओळी, शेवटच्या वीस ओळी, आणि मधून कुठूनही वीस. मला लाज वाटायची. शेजारी बसलेल्या बँकेतल्या बाई हसायच्या. पण तिसऱ्या दिवशी वाचता वाचता मी थांबले. एकाच पोराचं नाव दोन ठिकाणी होतं आणि एका ठिकाणी नावाच्या शेवटी मोकळी जागा होती. डोळ्याला दोन्ही नावं सारखी, कॉम्प्युटरला ती दोन पोरं.

"दिसलं?" मास्तर म्हणाले. "आता प्रोग्राम लिही. ज्याची फाईल वाचली न्हाई त्याचा हिसाब करू नये."

त्यांची शिकवण्याची अशीच तऱ्हा. प्रत्येक कामाला दोन फोल्डर. एकाचं नाव 'अस्सल', दुसऱ्याचं 'नक्कल'. जुन्या जमिनीच्या कागदांवरचे हे शब्द त्यांनी कॉम्प्युटरवर आणले होते. जी फाईल आली ती अस्सलमध्ये ठेवायची आणि तिला पुन्हा हात लावायचा नाही. जी काही कापाकापी करायची ती नक्कलवर. कुणी अस्सल फाईल उघडून त्यात एक अक्षर बदललं तर मास्तर त्याला जिन्यावर जाऊन उभं राहायला सांगायचे. बँकेतल्या बाईसुद्धा एकदा उभ्या राहिल्या.

प्रत्येक कामाचा पायथनचा सरंजामही वेगळा ठेवायचा, एकात दुसरं मिसळायचं नाही. "भाजीचा डबा आणि खिरीचा डबा एक करता का?" कशालाही एका अक्षराचं नाव दिलेलं त्यांना खपायचं नाही. मी एका यादीला 'अ' म्हटलं तर म्हणाले, "तुझ्या आईनं तुला एका अक्षरावर सोडलं का? बारसं करून नाव ठेव. सहा महिन्यांनी तूच वाचशील आणि तूच विचारशील, हा 'अ' कोण?"

एरर आली की पोरं घाबरून स्क्रीनवरची खिडकी बंद करायची. मास्तर धावत यायचे. "बंद करू नको, बंद करू नको! काय म्हणून राहिली ते ऐक तरी." एरर खालून वर वाचायची, हा त्यांचा नियम. खालच्या ओळीत काय दुखतंय ते असतं, वरच्या ओळींत कुठं दुखतंय ते. एकदा मी चलाखी केली. एका ठिकाणी प्रोग्राम सारखा अडत होता, म्हणून मी त्याला सांगून टाकलं, की चूक आली तर काही न बोलता पुढं जा. प्रोग्राम सरळ शेवटपर्यंत पळाला. मी ऐटीत मास्तरांना बोलावलं. त्यांनी ती ओळ वाचली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"रडणाऱ्या लेकराच्या तोंडात बोळा कोंबला तू," ते म्हणाले. "घर शांत झालं. लेकराचं दुखणं कुठं गेलं?"

आणि त्यांचं सगळ्यात आवडतं वाक्य आकड्यांबद्दलचं होतं. ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला लावायचे: ज्याची बेरीज करायची नाही, तो आकडा नाही, ते नाव आहे. मोबाईल नंबर, पिनकोड, परीक्षेचा बैठक क्रमांक, यांची कुणी बेरीज करत नाही. म्हणून ते अक्षरांसारखे ठेवायचे. आकडा म्हणून ठेवले तर कॉम्प्युटर पुढची शून्यं उडवून टाकतो.

मी हे वाक्य वहीत सुंदर अक्षरात लिहिलं होतं. तरी पुढं जे झालं ते झालं.

आमच्या क्लासची दरवर्षी एक परीक्षा असायची. तालुक्या-तालुक्यांतून पोरं यायची, पहिल्या तिसांना दोन वर्षं फुकट शिकायला आणि राहायला मिळायचं. त्या वर्षी परीक्षेचा ऑनलाईन फॉर्म मी बनवला होता. माझी पहिली वेबसाईट. फॉर्म भरणाऱ्यावर विश्वास ठेवायचा नाही, हे मास्तरांनी शिकवलं होतं. "तो वाईट नसतो, बेटा. तो घाईत असतो. एस्टीत असतो. नेट गेलेलं असतं. एकच बटण तीनदा दाबतो." म्हणून प्रत्येक फॉर्मला वेगळा बैठक क्रमांक, मोबाईल नंबर दहा आकडी आहे का याची तपासणी, सगळं मी केलं होतं. फॉर्म सुरेख चालला.

परीक्षा झाली. उत्तरपत्रिका मशिनीतून तपासल्या आणि मार्कांची फाईल माझ्याकडं आली. संचालकांना निकाल त्याच दिवशी हवा होता. मी मार्कांची फाईल आणि नावांची फाईल बैठक क्रमांकावरून जोडायला गेले, तर अर्ध्या ओळी जुळेनात. कुणीतरी मार्कांची फाईल मध्ये उघडून पुन्हा सेव्ह केली होती आणि क्रमांकांची पुढची शून्यं उडाली होती. नावांच्या फाईलीत ०४१७, मार्कांच्या फाईलीत ४१७. दहा मिनिटांचं काम होतं ते नीट करायचं. पण बाहेरून तिसऱ्यांदा विचारणा आली, "झालं का?" आणि मी क्रमांक सोडून दिला. मार्कांच्या फाईलीत नावही होतं, वडिलांचं नाव होतं, आडनाव, तालुका होता. मी त्यावरून जोडलं. काही उत्तरपत्रिका मशिनीत दोनदा गेल्या होत्या, त्यामुळं काही नावं दोनदा दिसत होती. पायथनमध्ये एका ओळीची आज्ञा आहे, नाव सारखं दिसलं की दुबार ओळ काढून टाकणारी. ती दिली. यादी स्वच्छ झाली. संध्याकाळपर्यंत पहिल्या तिसांची नावं वेबसाईटवर आणि दारावर लागली.

दोन दिवसांनी मी फुशारकीनं मास्तरांना दाखवायला गेले.

"आधी किती ओळी होत्या?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"नंतर किती?"

तेही सांगितलं. एकतीस कमी.

"मग त्या एकतीस कुठं हायत? दाखव."

"मास्तर, त्या दुबार होत्या. काढून टाकल्या."

"काढल्या ते कळलं. पण कुणाला काढलं ते बघितलं का?"

मी बघितलं नव्हतं. आम्ही अस्सल फाईल घेतली आणि वगळलेल्या एकतीस ओळी वेगळ्या काढल्या. मास्तरांनी मला त्या नेहमीसारख्या मोठ्यानं वाचायला लावल्या, ठेवलेली ओळ आणि वगळलेली ओळ शेजारी शेजारी. तीस जोड्यांत मार्क सारखे होते. तेच पोर, तीच उत्तरपत्रिका, मशिनीतून दोनदा गेलेली. एका जोडीत मार्क वेगळे होते. वैष्णवी, वडील बालाजी, आडनाव एक, तालुका मुखेड. ठेवलेल्या ओळीत मार्क बेताचे होते. वगळलेल्या ओळीत इतके होते की ती पोरगी यादीत नववी आली असती.

"एकाच पोरीला दोन पेपराचे दोन मार्क कसे, बेटा?" मास्तर हळू आवाजात म्हणाले.

त्या एक नव्हत्याच. मी बैठक क्रमांक बघितले. दोन वेगळे होते.

मी पहिल्यांदा जे बोलले ते आजही मला आवडत नाही. मी म्हणाले, "मास्तर, कुणाची तक्रार आलेली नाही. तिला वाटेल, नंबर लागला नाही. कुणाला कळणार पण नाही."

मास्तर रागावले नाहीत. ते खिडकीशी गेले आणि चादरीखालच्या एका मशिनीवर हात ठेवून उभे राहिले. किल्लारीच्या भूकंपाची गोष्ट त्यांनी मला तेव्हा सांगितली. पुन्हा कधी सांगितली नाही.

"भूकंप झाला तवा आम्हाला बोलावणं आलं. टाईपरायटर घेऊन चला म्हणले. ही मशीन जीपमध्ये टाकून मी गेलो. तंबूत बसून जखमी माणसांच्या याद्या टाईप करायच्या. कुणाला लातूरला नेलं, कुणाला सोलापूरला. त्या याद्या दवाखान्याच्या भिंतीवर, बसस्टँडवर लागायच्या. लोक बोट फिरवून आपलं माणूस शोधायचे. माझ्यापुढं एक कागद आला. त्यात सुनीता, वय नऊ. बापाचं नाव, गाव लिहिलेलं. दहा ओळी खाली पुन्हा सुनीता, वय नऊ. तोच बाप, तेच गाव. मला वाटलं, लिहिणाऱ्यानं दोनदा लिहिलं. बिचारा तीन दिवस झोपला नव्हता. मी दुसरी ओळ सोडून दिली."

मशिनीवरची चादर त्यांनी जरा सरळ केली.

"दोन होत्या. चुलतभावांच्या पोरी. त्या भावांच्या आज्याचं नाव दोन्ही घरांत ठेवलेलं, म्हणून बापांची नावं सारखी. एक लातूरला होती, एक सोलापूरला. सोलापूरची मी खोडली. तिचा बाप यादी बघून लातूरला धावला. खाटेवर बघतो तर चुलतभावाची पोरगी. त्याला वाटलं, आपली गेली. अकरा दिवस त्या माणसानं पोरगी गेली म्हणून काढले."

"मग?" मी विचारलं.

"मग सोलापूरला कुणीतरी ओळखीचं गेलं आणि सापडली. दिवाळीनंतर तो माणूस पत्ता काढत इथं आला, पोरीला घेऊन. तिच्या हाताला प्लॅस्टर होतं. मला वाटलं, आता मारतो. मारलं न्हाई. भांडला पण न्हाई. पोरीला माझ्यापुढं उभं केलं आणि म्हणला, 'मास्तर, बघून ठेवा. ही दुसरी.'"

खाली गोदामात पोती उतरत होती. मास्तर माझ्याकडं वळले.

"तो आला म्हणून मला कळलं. न्हाई तर मी आजबी म्हणलो असतो, कुणाची तक्रार न्हाई."

मी तडक क्लासवर गेले. संचालकांच्या केबिनमध्ये एकतीस ओळींचा कागद त्यांच्यापुढं ठेवला आणि सगळं सांगितलं. चूक माझी, हेही सांगितलं. त्यांनी कागद दोनदा वाचला.

"कुणाची तक्रार आहे?"

"नाही सर."

"यादी लागलीय. तीस जागा भरल्यात. पालक येऊन भेटून गेलेत. आता मी कुणाला काढू?"

"कुणाला काढू नका. पण ती नववी आहे."

"अगं, एकदा यादी बदलली की लोक म्हणतील, सगळ्याच याद्या अशाच." त्यांचाही मुद्दा खोटा नव्हता. "हा कागद इथंच ठेव आणि कामाला लाग."

मी कागद ठेवला नाही. कसं सुचलं कुणास ठाऊक, पण मी म्हणाले, "सर, मी उद्या सुट्टी घेते. मुखेडला जाऊन तिला सांगणार आहे."

त्यांनी मला थांबवलं नाही. परवानगीही दिली नाही.

सकाळी बसस्टँडवर गेले तर मास्तर आधीच उभे. डोक्याला मफलर, हातात कापडी पिशवी. "दोन होत्या हे सांगायला दोघांनी जावं," एवढंच म्हणाले. अहमदपूरवरून जाणारी एस्टी मिळाली. वाटेत सोयाबीन काढून झालेली शेतं, कुठं तुरी पिवळ्या फुलांवर आलेल्या. मास्तर शेंगा खात होते आणि सालं पिशवीत भरत होते.

मुखेडला त्या दिवशी बाजार होता. फॉर्मवरच्या पत्त्यावर गेलो तर तिची आई दारात बसून ब्लाऊजला हूक लावत होती. म्हणाली, वैष्णवी घरी नाही, बसस्टँडजवळच्या ऑनलाईन सेंटरवर असते, दोन दिवस झाले कामाला लागली. आम्ही पुन्हा उलट्या पावली बसस्टँडकडं. झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे फॉर्म भरून मिळतील, अशी पाटी. आत एक बारकी, चष्मेवाली पोरगी कॉम्प्युटरपुढं बसून एका आजींचा कसलातरी फॉर्म भरत होती.

मी क्लासचं नाव सांगितलं. ती एकदम उभी राहिली. "तुमची वेबसाईट मला माहीतय! परीक्षेच्या वेळी मीच हितं येऊन वीस पोरींचे फॉर्म भरले."

"तुझ्याच नावाची आणखी एक मुलगी होती..."

"हाव. ती माझी चुलत बहीण, बाबाच्या चुलतभावाची पोरगी. तिचाबी फॉर्म मीच भरला. दोघींचं सगळं सारखं, बाबाचं नावपण. मला वाटलंच होतं, गोंधळ होईल." मग जराशी कचरत म्हणाली, "सांगावं म्हणलं, पर तुमच्या फॉर्मात तसं सांगायला जागाच न्हवती."

मास्तर मला म्हणाले, "लिहून घे, बेटा. हे मी शिकवलं न्हाई तुला. मलाबी सुचलं न्हाई कधी."

मी तिला कागद दाखवला. तुझी ओळ मी वगळली, मी न बघता वगळली, तुझा नंबर नववा आहे, अशी तीन वाक्यं मी एका दमात बोलले. जागा मिळेल का हे मला माहीत नाही, हेही सांगितलं. ती ऐकत होती.

"किती मार्क?" तिनं विचारलं.

मी सांगितले.

"किती?"

पुन्हा सांगितले. तिनं चष्मा काढला, ओढणीनं पुसला, घातला. "मला वाटलं, मी कमी पडले," ती म्हणाली. "पुस्तकं देऊन टाकली मी. कालच." मग ती खाली बसली आणि म्हणाली, "थांबा हं. आजीचा फॉर्म अर्धा ऱ्हायलाय." आणि तो पूर्ण केल्याशिवाय उठली नाही. आजींना पावती दिली, कुठं सही करायची ते दाखवलं, आणि मग टेबलावर डोकं ठेवून रडली. मास्तरांनी उरलेल्या शेंगा तिच्यापुढं ठेवल्या.

सोमवारी ती वडिलांना घेऊन लातूरला आली. वडील मुखेडला रिक्षा चालवायचे. ते केबिनच्या दारातच थांबले, आत येईनात. संचालकांनी तिला आत बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर होते, दार उघडं होतं.

"तू फोन का केला नाहीस?" त्यांनी विचारलं. "बाकीच्यांचे आई-बाप भांडायला येतात, एक-एक मार्कासाठी."

"मला यादी खरी वाटली, सर," ती म्हणाली.

संचालकांनी शिपायाला हाक मारली आणि तिसांच्या वर्गात एक बाक जास्त टाकायला सांगितलं. वडिलांना स्वतः उठून आत आणलं. बाहेर येताना माझ्यापाशी थांबले. "वेबसाईट तू बघ. निकालाला आता तुझा हात लागायला नको." मला ते लागलं, पण ते रास्त होतं.

पुढच्या वर्षीच्या फॉर्मात मी शेवटी एक मोकळी चौकट ठेवली. वर लिहिलं, आणखी काही सांगायचं आहे का? लोकांनी जे लिहिलं ते मास्तरांना वाचून दाखवायला मी छापून नेलं. 'आम्ही जुळ्या आहोत, फोटो सारखा दिसेल.' 'आमच्या गावाची शेवटची बस चारला आहे, पेपर वेळेवर सोडा.' 'मुलीला डाव्या कानानं कमी ऐकू येतं, उजवीकडं बसवा.' 'काही नाही, नमस्कार.' मास्तर एकेक ऐकायचे आणि मान हलवायचे. नमस्कारवाल्यावर तर हसून हसून त्यांना ठसका लागला.

वैष्णवीला एमबीबीएस मिळालं नाही. आयुर्वेदाला नंबर लागला. ती आता मुखेडच्याच बाजूला दवाखान्यात असते आणि पेशंटची नावं स्वतः लिहून घेते, आजोबाच्या नावासकट.

मी दीड वर्षानं लातूर सोडलं. नांदेडला एका बियाणांच्या कंपनीत नोकरी मिळाली, कुठल्या शेतात कोणतं बियाणं किती उगवलं याचा हिशोब ठेवायची. मुलाखतीत त्यांनी मला एक फाईल दिली आणि म्हणाले, यातल्या चुका काढा. मी ती मोठ्यानं वाचायला लागले. ते एकमेकांकडं बघू लागले, पण मला घेतलं. आईला हदगावहून माझ्याकडं आणलं. आई शेजारणींना सांगते, "माझी लेक बियाणाची डॉक्टर हाय."

मागच्या वर्षी मास्तरांचा फोन आला. आवाज तसाच, थोडा बारीक झालेला.

"बेटा, चार दिवस ठेवून घेशील का? माझी परीक्षा हाय. सेंटर नांदेडला आलंय."

"कसली परीक्षा, मास्तर?"

"बी.ए.ची. बाहेरून. बारावीची केली, तुला सांगितलं न्हाई. नापास झालो असतो तर?"

वयाच्या सदुसष्टाव्या वर्षी मास्तर माझ्या स्कूटीच्या मागं बसून परीक्षेला निघाले. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. फाटकावरच्या माणसानं त्यांना अडवलं. "आजोबा, पालकांनी बाहेर थांबायचं."

मास्तरांनी हॉल तिकीट पुढं केलं. त्या माणसानं फोटो बघितला, मास्तरांकडं बघितलं, पुन्हा फोटो बघितला. मग फाटक पूर्ण उघडलं, एका माणसासाठी एवढं उघडायची गरज नसताना. आत जाणाऱ्या वीस-बावीस वर्षांच्या पोरापोरींत ते दिसेनासे झाले.

मी तीन तास समोरच्या लिंबाखाली बसून राहिले. ऑफिसला फोन करून सांगितलं, आज घरच्यांची परीक्षा आहे.

घंटा झाली. पोरं लोंढ्यानं बाहेर आली. मास्तर सगळ्यांत शेवटी. बोटाला शाई लागलेली.

"कसा गेला?"

"एक प्रश्न चुकला," ते म्हणाले. "बाहेर आल्यावर कळलं. बाकी बरा गेला."

घरी आलो तर आईनं ताटं वाढायला घेतली होती, गरम भाकरी आणि वरण. मास्तरांनी हातपाय धुतले आणि पिशवीतून इंग्रजीचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं.

"उद्या इंग्रजी हाय. जरा धडा घे माझा."

"मी? तुमचा?"

"मग कुणी घ्यायचा? घरात शिकलेलं दुसरं कोण हाय?"

आई आतून म्हणाली, "आधी जेवून घ्या, मास्तर."

"एवढा एक धडा होऊ द्या, ताई," मास्तर म्हणाले आणि चटईवर माझ्यापुढं मांडी घालून बसले, वही उघडून, पेनाचं टोपण काढून.

मी पहिला प्रश्न विचारला. त्यांना उत्तर येत नव्हतं. "सांग, बेटा, लिहून घेतो," म्हणाले. मास्तर इतके खूश मी त्याआधी कधी बघितले नव्हते.